उधारीची हवा

मे महिन्यात भर दुपारी अकोल्याच्या रस्त्यावर दोनच जातीची माणसं दिसतात. एक, ज्यांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही ती. आणि दुसरी, कूलर-मिस्त्री. मोनाली वानखडे दोन्हींत मोडायची. डोक्याला पांढरा दुपट्टा, स्कूटरला मागे पेटी, आणि खिशात सारखा घुरघुरणारा फोन. मांजर मांडीवर बसून समाधानाने घुरघुरतं ना, तसा. ती घुरघुर म्हणजे पैसे.

कारागिराचे पैसे चुकते करायची रीत या काही वर्षांत पार पालटली होती. आधी नोटा होत्या, मग फोन आला. त्या दोघांत लोक उगाच भांडत बसले, कारण खरा फरक सुट्ट्या पैशांपुरताच होता. काम झालं, पैसे दिले, मिस्त्री गेला, दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळायला लागला, आणि मिस्त्री फोन उचलेना. नोट देणाऱ्याचंही असंच व्हायचं आणि फोनवरून देणाऱ्याचंही. मग ठिबक आली.

ठिबकचं मूळ एका टिकलीत होतं. कंपनीने तिला भारदस्त नाव ठेवलं होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. कपाळाला लावावी एवढीच चकती. आत एक पापुद्रा असतो. तो दाबला-ताणला की त्यात वीज उपजते. कूलर चालू झाला की पत्रा थरथरतो, पत्रा थरथरला की टिकलीला वीज मिळते. बॅटरी नको, वायर नको. त्या थेंबभर विजेवर टिकली यंत्राचा आवाज ऐकते. धडधाकट मोटरचा एक ठरलेला सूर असतो. बेअरिंग घासायला लागली की तो वरून फाटतो, पंप कोरडा चालला की खालचा घुमारा नाहीसा होतो. सूर ठीक असेल तर टिकली तासातासाला बँकेला खूण पाठवते, आणि बँक ग्राहकाच्या खात्यातून रुपया-दीड रुपया काढून मिस्त्रीच्या खात्यात सोडते. यंत्र चालेल तोवर मजुरी ठिबकत राहते. बिघडलं की थांबते.

झालं! अकोल्यातले मिस्त्री एका उन्हाळ्यात सज्जन झाले. फोन पहिल्या घंटीला उचलू लागले. "काकू, टाकीतलं पाणी बदललं का?" अशी आपणहून चौकशी होऊ लागली. ग्राहकही हुशार. डाबकी रोडवरच्या एका बाईंनी, मिस्त्रीने मिक्सर वेळेवर दिला नाही म्हणून त्याने दुरुस्त केलेला पंखा तीन दिवस बंद ठेवून त्याला वठणीवर आणलं. माणसं शहाणी होतात ती अशी, एकमेकांचा कान हातात आला की.

मोनालीला ठिबक मानवली होती. आयटीआय करून आली तेव्हा गल्लीतले बापे म्हणायचे, "पोरगी पत्रा उचलन काय?" टिकलीला बाप्याचा सूर आणि बाईचा सूर यातला फरक कळत नव्हता. तिचे कूलर जास्त टिकत, म्हणून तिची पतही वाढली. पत म्हणजे तरी काय? तुमच्या साऱ्या टिकल्या पुढे किती दिवस ठिबकतील याचा बँकेचा अंदाज. त्या भरवशावर तिने टिळक रोडवरच्या दुकानासाठी कर्ज मागितलं होतं. मंजुरीचा निकाल शुक्रवारी लागणार होता.

आणि मंगळवारी सकाळी तिच्या फोनवर एक टिकली लाल दिसत होती.

"कोनाची?" तिचा नवरा अंकुश चहा गाळता गाळता म्हणाला. तो शहरात मालाची रिक्षा चालवायचा.

"पुंडलिककाकाजीची. आठ दिवस झाले, एक थेंब नाई."

"बिघडला असन."

"मीच केला मार्चमध्ये. नवा पंप, नवी गवताची जाळी. माह्या हातचा कूलर आठ दिवसांत मरत नाई."

इथे टिकलीची एक खोड सांगायला हवी. यंत्र थरथरलं तरच तिला वीज. त्यामुळे बिघडलेला कूलर आणि बटण बंद केलेला कूलर तिला सारखाच. दोन्हीकडे ती मुकी. बँकेने यावर सोपा तोडगा काढला होता: भर उन्हाळ्यात कोणी कूलर बंद ठेवत नाही, तेव्हा आठवडाभर मुकी टिकली म्हणजे मिस्त्रीचं काम वाईट. ज्याने हा नियम केला तो माणूस बहुधा माथेरानला राहत असावा.

"काहाडून टाक त्याले," अंकुश म्हणाला. "ते बटन हाय ना, 'ग्राहक सोडा'. दाबलं का लाल रंग गेला. शुक्रवारपर्यंत आपली पाटी कोरी."

"मंग त्याच्या कूलरवर 'दुरुस्तीबाहेर' असा शिक्का बसते. अकोल्यातला एक मिस्त्री त्याच्या दारात उभा राहनार नाई."

"तो म्हातारा तुले कधी एक रुपया जास्त देते काय?"

"जास्त? तो तर लावलेल्या खिळ्याचेबी भाव करते," मोनाली हसत म्हणाली, आणि दुपट्टा बांधायला लागली.

पुंडलिकराव खंडारे जिनिंग फॅक्टरीत आयुष्यभर रोखपाल होते. कापसाच्या गाडीमागे नोटा मोजून द्यायचं काम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. त्यांना पैसे देताना पाहणं हा एक सोहळा असे. आधी घासाघीस: चारशे सांगितले तर ते अडीचशेवर यायचे, सव्वातीनशेला सौदा तुटायचा, मोनाली पेटी उचलून फाटकापर्यंत जायची, मग ते मागून ओरडायचे, "ये, ये, रागीट हाय लय!" मग नोटा. कोऱ्या, घडी न पडलेल्या. हातावर ठेवल्या की म्हणायचे, "मिटलं? आता तू मोकळी, मी मोकळा." मुलीने हैदराबादहून ठिबक लावून दिल्यापासून हा सोहळा बंद पडला होता. मोनालीला खरं तर त्याची चुटपुट लागायची. भाव करणारं माणूस निदान तुमच्याकडे बघत तरी असतं.

ती डाबकी रोडवरच्या त्यांच्या घरी पोचली तेव्हा उन्हाने फाटकाची कडी धरवत नव्हती. दार नुसतं लोटलेलं. आत पुंडलिकराव बनियनवर, खांद्यावर ओला टॉवेल, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर कूलर. गप्प.

"काकाजी! हे काय करून राह्यले? कूलर काहून बंद?"

"बंद नाई. आराम करू राह्यला."

मोनालीने पुढे होऊन बटण दाबलं. मोटर पहिल्या दमात उठली, पंपाने पाणी ओढलं, ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. टिकली जागी झाल्याची खबर तिच्या खिशात घुरघुरली. त्याच क्षणी पलंगावर पडलेला म्हाताऱ्यांचा फोनही किणकिणला. पुंडलिकराव उठले, भिंत धरत धरत आले आणि बटण बंद केलं.

"चालू हाय न तो! मंग काय बिघडलं तुमचं?"

"माहं बिघडलं. पोरी, हे पाह्य." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "तासातासाले निरोप. 'आपल्या खात्यातून रक्कम वजा.' म्या एक तास हवा घेतली, एक तासाचा देनेकरी झालो. दिला तर पुढचा तास लागला. झोपलो तरी चालूच. आयुष्यात म्या कोनाचं उधार ठेवलं नाई. आता बसल्या जागी उधार व्हाऊन राह्यलं. अशा उधारीच्या हवेत मले झोप येत नाई."

"निरोपाचा आवाज बंद करून देते."

"आवाज बंद केला म्हनजे देनं बंद होते काय? फॅक्टरीत असा हिशेब सांगितला असता तर मालकानं हाकलला असता तुले."

"दीड रुपया हाय काकाजी! तासाचा दीड रुपया! पेन्शन केवढी हाय तुमची."

"रुपयाचं कोन बोलून राह्यलं?" ते एकदम चिडले. "तुले किती पाह्यजे उन्हाळ्याचे? सांग. आता देतो. मोकळं कर मले."

टिकली लावलेल्या यंत्राचे पैसे रोख घेणं म्हणजे करारभंग. आणि ठिबकमध्ये आगाऊ भरायची सोय नव्हती. ती का नव्हती हे कळायला फार डोकं नको. बँक उद्याच्या थेंबावर आज कर्ज देऊन व्याज खाते. सगळे थेंब आजच भरले तर बँकेने काय खावं?

"ते नाई जमत," ती म्हणाली.

"मंग मलेबी नाई जमत." पुंडलिकराव पलंगाकडे वळले, आणि वळता वळता विचारलं, "कापसाच्या गाड्या लागल्या काय गं बाहेर?"

मेमध्ये कापसाच्या गाड्या नसतात. फॅक्टरी बंद होऊनही जमाना झाला होता. मोनालीने त्यांच्या दंडाला हात लावला. कातडी कोरडी, तापलेल्या पत्र्यासारखी. इतक्या उकाड्यात घामाचा टिपूस नाही. घाम थांबला की शरीराचा कूलर बंद पडतो. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, तेच कूलरच्या गवतात आणि तेच माणसाच्या कातडीवर. हा धडा आयटीआयत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तिने त्यांना आडवं केलं, कूलर पूर्ण वेगावर सोडला, ओली चादर अंगावर टाकली, मानेखाली, काखेत गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि अँब्युलन्सला फोन लावला.

अँब्युलन्स वाटेत होती. म्हातारा डोळे मिटून असंबद्ध आकडे पुटपुटत होता. तिने त्यांचं डोकं धरलेलं, आणि तिच्या खिशात फोन घुरघुरला. तास भरला होता. या माणसाला हवा घातल्याबद्दल तिला दीड रुपया मिळाला होता. मोनालीने आयुष्यात पहिल्यांदा पैशाच्या त्या आवाजाला शिवी घातली.

पुंडलिकराव वाचले. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "किती झाले?"

"कायचे?"

"हवेचे."

"साडेसात रुपये," मोनाली म्हणाली. "पडून राहा."

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. घराची किल्ली मोनालीकडे होती. रात्री जेवताना अंकुशने फोनवर पाहिलं; घाईत कूलर चालूच राहिला होता आणि टिकली हिरवी झाली होती.

"हे चांगलं झालं," तो म्हणाला, आणि घाईने सावरलं, "म्हनजे काकाजीचं वाईट झालं, पन टिकलीचं चांगलं झालं. आता शुक्रवारपर्यंत चालूच राहू दे. किल्ली हाय आपल्यापाशी. छपरावरच्या सोलरची वीज त्यायची फुकटची. टाकीत पानी घालून येत जाऊ."

"रिकाम्या घराले हवा घालू?"

"पत राहते न तुही! दुकान राहते! अडीच दिवसांचे होऊन होऊन किती होतीन? नव्वद रुपये. परत देऊन टाकू."

हिशेब बरोबर होता. मोनालीने तो मनात दोनदा करून पाहिला, दोन्ही वेळा बरोबरच आला, आणि त्याचाच तिला राग आला. ती उठली, स्कूटर काढली, डाबकी रोडला जाऊन कूलर बंद केला आणि कुलूप लावलं. परत आली तेव्हा अंकुश अंथरुणावर पाठ करून पडला होता.

"केला बंद?"

"केला. पैसे कापल्याचे निरोप त्याले दवाखान्यात दिसले असते, अंकुश. तिथून पळून आला असता तो."

अंकुश पाठमोराच म्हणाला, "ते खरं हाय. येडा हाय म्हातारा."

गुरुवारी सकाळी अंकुशच्याच रिक्षातून पुंडलिकरावांना घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: दुपार एकही कूलरशिवाय काढायची नाही, एकही नाही. मोनालीने त्यांना पलंगावर बसवलं, स्वतः स्टूल ओढून समोर बसली आणि पेटी उघडून आत बघत सहज विचारावं तसं विचारलं, "काकाजी, आत्तापासून मिरगापर्यंतची हवा. दिवसरात्र. इकत घेता काय?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. दवाखान्यातल्या सगळ्या सलाइनांनी जे केलं नव्हतं ते या एका वाक्याने केलं.

"कशी देतं?"

"चौदाशे."

"चौदाशे? हवा हाय का बदाम?"

"नवा पंप, दोनदा जाळी बदली, आनि बिघडला तर त्याच दिवशी येनार."

"सातशे."

"सातशेत पुठ्ठा घ्या. पुठ्ठा हायच तुमच्यापाशी."

अंकुश दारात उभा राहून डोळे विस्फारून ऐकत होता. भाव नऊशेवर आला, अकराशेवर अडला, मोनाली पेटी उचलून फाटकापर्यंत गेली, आणि मागून हाक आली, "ये, ये! साडेदहाशे. पन आज, आता, रोख."

"थांबा. आधी एक फोन."

बँकेच्या मदतकेंद्रावर सौमित्र नावाचा मुलगा होता, पुण्याकडचा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही टिकली काढणार, रोख घेणार, आणि हे आम्हालाच फोन करून सांगताय?"

"तुमाले नंतर कळलं असतं तर तुम्ही चोर म्हटलं असतं."

"अहो, पण उद्या तुमचा निकाल आहे. फाइल माझ्यासमोर आहे; मंजूर होतेय. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत थांबा ना. परवा काढा टिकली."

"आज सत्तेचाळीस डिग्री हाय साहेब. टिकली असंन तर काकाजी बटन दाबत नाई. उद्यापर्यंत थांबले तर दुकानाचं उद्घाटन करीन, पन बोलवू कोनाले?"

सौमित्र म्हणाला, "मला फाइल पुढच्या हंगामावर ढकलावी लागेल. माझ्या हातात एवढंच आहे की नाकारली असं न लिहिता लांबवली असं लिहीन." आणि जरा थांबून, "मॅडम, बंद कूलर म्हणजे बिघडलेला कूलर, हे आमच्या इथं कोणालाच चुकीचं वाटलं नव्हतं. मी हे वर कळवतो. ऐकतील की नाही ते माहीत नाही."

"कळवा. आनि मेमध्ये एकदा इकडे या."

तिने टिकली नखाने सोलून काढली. पुंडलिकरावांनी नोटा मोजल्या, अंगठ्याला थुंकी न लावता, जुन्या रोखपालाच्या सफाईने, आणि तिच्या हातावर ठेवल्या.

"मिटलं?"

"मिटलं."

बटण त्यांनी स्वतः दाबलं.

परतताना अंकुश रिक्षा चालवत होता, मोनाली शेजारी बसली होती. टिळक रोडवर ते दुकान लागलं, शटर खाली, वर 'भाड्याने देणे'चा कागद. अंकुशने वेग कमी केला नाही, पण मानही फिरवली नाही असं काही म्हणता येणार नाही.

"पुढच्या वर्षी," मोनाली म्हणाली.

"हाय ते. नाई तर दुसरं." मग त्याला हसू आलं. "पन बदाम का हवा म्हनते साला! मले वाटलं तू आता नऊशेले पघळते."

पुढच्या आठवड्यात जाळी बघायच्या निमित्ताने मोनाली डाबकी रोडला गेली. भर दुपार. फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता. अशा ढिगाचा अर्थ आपल्याकडे एकच असतो. ती धावतच आत शिरली.

खोलीत सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या सतरंजीवर बसले होते. दोघी वाती वळत होत्या, एक आजोबा सरळ घोरत होते, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगलेला. कूलर पूर्ण वेगाने घोंघावत होता. आणि त्याच्या अगदी समोर पलंगावर पुंडलिकराव, अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

"काकाजी, हे काय?"

"साडेदहाशे भरले हाय म्या," ते टोपीतून गरजले. "एकट्याच्यानं किती घेववते? वाया जाऊन राह्यली होती हवा. म्हनून बोलावले सारे. गल्लीत हरेकाच्या घरी तेच: निरोप वाजला का बटन बंद."

वाती वळणाऱ्या आजींनी कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढल्या. "बाई, माह्या कूलरचंबी कर की असं. हजारात जमन काय?"

"हजार?" मोनालीने पेटी खाली ठेवली आणि सतरंजीवर मांडी घातली. "तुमचा कूलर तर यायच्यापेक्षा मोठा हाय, आजी. बाराशे."

"बाराशे! ऐकलं काय हो?"

पत्त्यांचा डाव थांबला. घोरणारे आजोबा जागे झाले आणि कशाचा भाव चालला आहे हे न विचारताच म्हणाले, "आठशेच्या वर देऊ नका." सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात त्या गलक्यात कोणीतरी हुडहुडी भरली म्हणून हळूच हात लांबवून कूलरचा वेग कमी केला.

"कोन रे तो?" पुंडलिकराव स्वेटरच्या बाह्या मागे सारत उठून उभे राहिले. "फुल्ल ठेव! फुल्लचे पैसे भरले हायेत!"